पांढऱ्यावर पांढरं: स्वालबार्डच्या बर्फात अस्वल, कोल्हा आणि टार्मिगन पक्ष्याचे फोटो

नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक बेटांच्या बर्फावर चालणारं ध्रुवीय अस्वल ऑटो मोडवर टिपलं, की बर्फ सिमेंटच्या रंगाचा येतो आणि अस्वल मळकट पिवळं. त्यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: बर्फात प्लस दोन ठेवा, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या डायलवर कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा दोन स्टॉप, चौपट, प्रकाश जास्त घ्या. मग लोक डायल प्लस दोनवर फिरवून ठेवतात. घरी येऊन बघावं तर बर्फ छान पांढरा, पण अस्वलाच्या खांद्यावर, पाठीवर केसाचा एक धागा दिसत नाही. नुसता डाग. काळवंडलेली रॉ फाईल (सेन्सरची कच्ची नोंद) निदान उजळता येते. उडालेला पांढरा काही केल्या परत येत नाही.

गोची अशी की बर्फ आणि अस्वल हे दोन वेगळे पांढरे आहेत. कधी बर्फ जास्त उजळ असतो, कधी अस्वल. कोण वरचढ ठरणार ते सूर्य कुठे आहे यावर ठरतं, आणि एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर किती प्रकाश घ्यायचा ते, दर वेळी त्यातल्या जास्त उजळ पांढऱ्यासाठी लावायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची सेटिंग्ज सोपी होतात.

मीटर काय करतो

कॅमेऱ्याचा मीटर समोरून परत येणारा प्रकाश मोजतो. समोर नेमकं काय आहे हे त्याला कळत नाही. नव्या कॅमेऱ्यांना थोडंफार कळतं, पण भरवसा ठेवावा इतकं नाही. त्यामुळे तो धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं आहे. काही हॉटेलांत कुठलीही भाजी मागवा, ग्रेव्ही एकच असते; मीटरही कुठलंही दृश्य आपल्या त्याच राखाडीत आणून ठेवतो.

ताजा, कोरडा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. ९० भागिले १८ म्हणजे पाचपट. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तेव्हा पाचपट म्हणजे सव्वादोन स्टॉपच्या किंचित वर. 'प्लस दोन' हा आकडा इथून आला. फ्रेमभर बर्फच असेल तर तो बरोबरही आहे.

पण फ्रेम तशी राहत नाही. अस्वल बर्फाच्या कडेला येतं आणि मागे समुद्राचं काळं पाणी दिसू लागतं. मीटरला वाटतं दृश्य अंधारं झालं, तो प्रकाश वाढवतो, त्यावर तुमचे प्लस दोन आहेतच. अस्वल जळतं, म्हणजे नुसता पांढरा डाग होतं. उलट अस्वल लांब, लहान आणि मागे उन्हातला उतार असेल तर तेच प्लस दोन कमी पडतात. दोन्ही वेळा अस्वलावर पडणारं ऊन तेवढंच होतं, फक्त पार्श्वभूमी बदलली. म्हणून आकाश मोकळं असेल तेव्हा मॅन्युअल मोडच वापरावा. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ (लेन्सचं भोक किती, शटर किती वेळ उघडं, सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील) तिन्ही स्वतः लावायचे आणि ऊन बदलेपर्यंत हात लावायचा नाही. प्राणी पाण्यासमोर गेला, खडकासमोर गेला, फ्रेममध्ये मोठा झाला, लहान झाला, काहीही होवो.

ताडोबाच्या सवयीचे फोटोग्राफर इथे हमखास फसतात. सावलीतल्या गर्द पार्श्वभूमीवर वाघ असेल तर मायनस करायचं हे बोटांना इतकं पाठ असतं, की बर्फात पहिला दिवस उलटं करायला शिकण्यात जातो.

कोणता पांढरा जास्त उजळ

लाँगइयरब्येन हे स्वालबार्डचं मुख्य गाव ७८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनच्या भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांच्या आसपासच चढतो. एप्रिलच्या मध्याला दुपारचा सूर्य २२ अंशांवर असतो. साधारण २० एप्रिलपासून ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो मावळतच नाही, आणि जूनच्या मध्यरात्रीही ११-१२ अंश वर असतो. म्हणजे ऊन कायम तिरकं.

तिरक्या उन्हाचा हिशेब बघा. सूर्य २० अंशांवर आहे. आडव्या पडलेल्या बर्फावर त्याचं थेट ऊन तिरपं पसरतं, त्यामुळे प्रत्येक चौरस मीटरला सरळ पडणाऱ्या उन्हाच्या सुमारे ३४ टक्केच मिळतं. अस्वलाची उभी कूस सूर्याकडे असेल तर तिला ९४ टक्के मिळतं, शिवाय खालच्या बर्फावरून उसळलेला प्रकाश वेगळा. अस्वलाची फर बर्फाइतकी परावर्तक नाही, तरीही एवढ्या फरकामुळे उन्हाकडची कूस बर्फापेक्षा अर्धा ते एक स्टॉप उजळ येऊ शकते. बर्फाचा हायलाइट बघून एक्स्पोजर लावणाऱ्याचं अस्वल इथेच जळतं.

सूर्य अस्वलाच्या मागे गेला की हे सगळं उलटतं. तुमच्याकडची बाजू सावलीत, तिला फक्त आकाशाचा आणि बर्फावरून आलेला प्रकाश. त्यात बर्फ सूर्याच्या दिशेने पाहिला की आणखी चमकतो, कारण कण प्रकाश पुढच्या बाजूला जास्त फेकतात. आता अस्वल बर्फापेक्षा एक-दीड स्टॉप खाली, आणि फक्त पाठीच्या कडेला उजळ रेघ. या वेळी बर्फ सांभाळायचा, ती रेघ थोडी जळली तरी चालेल. ती जळल्यावरच छान दिसते.

ढगाळ दिवशी प्रकाश सगळीकडून सारखा येतो. मग ज्याचा पृष्ठभाग जास्त परावर्तक तो जास्त उजळ, म्हणजे बर्फ. अस्वल त्यावर स्पष्टपणे सायीच्या रंगाचं दिसतं. कॉन्ट्रास्ट कमी असल्याने काही जळण्याची भीती कमी, आणि फ्रेमभर बर्फ असेल तर प्लस १.७ ते प्लस २ बिनधास्त. ढग सरकते असतील, प्रकाश दर मिनिटाला बदलत असेल, तर मॅन्युअलचा हट्ट सोडून ऑटो आयएसओ आणि कॉम्पेन्सेशन वापरा. पण मागे पाणी आलं की कॉम्पेन्सेशन शून्याच्या जवळ आणायचं हे लक्षात ठेवावं लागतं, आणि ऐन वेळी ते राहून जातं.

अस्वल सायीच्या रंगाचं का दिसतं, हेही जाता जाता. त्याच्या केसात रंगद्रव्य नाही. वरचे राठ केस पोकळ, पारदर्शक आणि खालची कातडी काळी. केसांत प्रकाश विखुरतो म्हणून ते पांढरं दिसतं. सीलच्या चरबीचं तेल लागून आणि जुने होऊन ते केस पिवळट होतात. अतिनील प्रकाशात मात्र अस्वलाची फर प्रकाश शोषून घेते आणि बर्फ तो परावर्तित करतो, त्यामुळे अतिनील छायाचित्रात अस्वल काळं दिसतं. १९७०च्या दशकात विमानातून अस्वलं मोजण्यासाठी या गोष्टीचा उपयोग सुचवला गेला होता. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर अतिनील अडवूनच बसलेला असतो, तेव्हा आपल्याला याचा फायदा नाही.

प्रत्यक्ष लावायचं कसं

मोकळं ऊन, सूर्य तुमच्या पाठीमागे किंवा बाजूला असेल तर सुरुवात एफ/८, शटर १/२०००, आयएसओ ४०० यापासून करा. हे आकडे पाठ करण्यापेक्षा कुठून आले ते कळलेलं बरं: भर उन्हात एफ/१६ आणि शटर एकभागिले-आयएसओ हा जुना नियम. आयएसओ ४०० ला एफ/१६ वर १/४०० येतं. अ‍ॅपर्चर एफ/८ करताना दोन स्टॉप उघडलं, म्हणून शटर दोन स्टॉप वेगवान, १/१६००. त्यात पांढऱ्यासाठी एक तृतीयांश स्टॉप राखून १/२०००. जुने फिल्मवाले बर्फात एफ/१६ ऐवजी एफ/२२ म्हणायचे, म्हणजे अख्खा स्टॉप कमी. पण ते भर दुपारच्या उंच सूर्यासाठी. उत्तर ध्रुवाकडच्या तिरक्या उन्हात तेवढं सहसा लागत नाही. सूर्य दहा-बारा अंशांवर असेल तर आणखी अर्धा-एक स्टॉप उघडावं लागतं.

इथून पुढे तपासणी. हायलाइट इशारा सुरू करा, म्हणजे जळलेला भाग लुकलुकतो. मिररलेसमध्ये झेब्रा (जळत्या भागावर उमटणारे पट्टे) १०० टक्क्यांवर ठेवा. प्राणी अजून आलेला नसेल तर त्याच्या जागी कुणाला तरी पांढरा टॉवेल घेऊन सूर्याकडे तोंड करून उभं करा. टॉवेल खोटा वाटेल, पण जमिनीवरच्या बर्फापेक्षा अस्वलाच्या कुशीचा अंदाज तोच जास्त बरा देतो. टॉवेलवर झेब्रा येईपर्यंत उजळवा, मग एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप मागे या. झालं. स्पॉट मीटर (फ्रेममधला लहानसा ठिपकाच मोजणारा) वापरणाऱ्यांनी स्पॉट उन्हातल्या टॉवेलवर ठेवून प्लस १.७ धरावं, अडीचच्या पुढे गेलात तर पोत संपतो.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजळपणाचा आलेख, बघताना दोन गोष्टी अडखळवतात. एक, तो जेपीईजीवरून (कॅमेऱ्याने तयार केलेल्या फोटोवरून) बनतो, रॉवरून नाही. पिक्चर स्टाइल जास्त कॉन्ट्रास्टवर असेल तर तो खोटी घाबरवाघाबरवी करतो. स्टाइल न्यूट्रल किंवा फ्लॅट ठेवा, कॉन्ट्रास्ट कमी करा, मग तो रॉच्या बराच जवळ येतो. दोन, नुसता उजळपणाचा हिस्टोग्राम पाहू नका, लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा लावा. कोवळ्या सोनेरी उन्हात अस्वलाच्या कुशीवर लाल चॅनेल आधी भिंतीला टेकतो आणि एकत्रित हिस्टोग्राम मात्र ठीक दिसत राहतो. परिणाम म्हणजे फर जळलेली नसते, पण तिचा उबदार रंग एकसुरी पिवळा होऊन बसतो. सावलीतल्या बर्फात हेच निळ्या चॅनेलचं होतं.

पांढऱ्याचा पोत नेमका कुठे असतो? जेपीईजीच्या ० ते २५५ मापात उन्हातला बर्फ किंवा फर २३५ ते २४५ मध्ये बसली तर ती पांढरी दिसते आणि कणही दिसतात. २१० च्या खाली ती राखाडी वाटायला लागते. २५५ ला काहीच नाही. म्हणजे कामाची पट्टी फार अरुंद आहे, आणि त्यातच बर्फ, फर आणि दोन्हींमधला फरक, तिन्ही बसवायचं आहे. रॉमध्ये वर थोडी जागा असते, अर्धा-पाऊण स्टॉप, कॅमेऱ्यागणिक वेगळी. ती आधीच खर्च करू नका.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला रंग पांढरा धरायचा ती सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. फ्रेममध्ये निळी सावली जास्त आली की ऑटो तिला पांढरं करायला जातो आणि अस्वल नारिंगी होतं. पुढच्या फ्रेममध्ये पुन्हा दुसरंच. डेलाइट किंवा ५२०० ते ५५०० केल्विन पक्कं करून टाका. सावलीतला बर्फ निळा येईल. येऊ द्या, तो खरंच निळा आहे. त्याच्यावर सूर्य नाही, निळं आकाश प्रकाश टाकतंय. आणि हीच निळाई तुमच्या कामाची आहे.

कारण पांढऱ्यापासून पांढरं सुटं करण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे पार्श्वभूमी सावलीत घेणं. रॉक टार्मिगनचं उदाहरण घ्या. स्वालबार्डमध्ये हिवाळाभर राहणारा जमिनीवरचा पक्षी जवळजवळ हा एकच. लपण्यावर इतका भरवसा की माणूस बराच जवळ येईपर्यंत हलत नाही. उभं राहून वरून फोटो काढला तर पांढऱ्या पक्ष्यामागे तोच पांढरा बर्फ. आडवे पडा, लेन्स बर्फापासून वीतभर उंचीवर आणा. मागे आता दूरचा डोंगर येतो. पलीकडचा उतार सावलीत असेल अशी जागा शोधा. पक्षी उन्हात उजळ, मागे मऊ निळा. नराच्या चोचीपासून डोळ्यापर्यंत काळी पट्टी असते आणि वसंतात डोळ्यावर लालभडक तुरा उभारतो, त्यामुळे एवढ्या पांढऱ्यात नजरेला टेकायला जागाही मिळते. मादी उन्हाळ्याच्या तोंडावर लवकर तपकिरी होते, नर बराच काळ पांढराच राहतो आणि बर्फ वितळल्यावर तपकिरी मुरमाडावर दिव्यासारखा दिसतो. मे-जूनमधले ते फोटो एक्स्पोजरला सर्वात कठीण: गडद जमीन, लहानसा पांढरा पक्षी, मीटर हमखास जाळणार. तिथे प्लस काहीच नको, उलट मायनस एकपर्यंत जावं लागतं.

आर्क्टिक कोल्ह्याचं वेगळं. त्याची फर दाट आणि मऊ, तिच्यावर पोत आणायला बाजूचं ऊन लागतं, साधारण ६० ते ९० अंशांतून. तुमच्या पाठीमागून सरळ येणाऱ्या उन्हात तो कापसाच्या गोळ्यासारखा सपाट येतो. शिवाय सगळे कोल्हे पांढरे नसतात. 'निळा' म्हणवणारा गडद प्रकारही आहे, त्याच्यासाठी हा सगळा हिशेब विसरा.

फोकस

फेज डिटेक्शन ऑटोफोकसला कॉन्ट्रास्टची कडा लागते. पांढऱ्या कुशीवर बिंदू ठेवला तर त्याला काही सापडत नाही आणि लेन्स मागे-पुढे शोधत बसते. चेहऱ्याकडे जा. अस्वलाचं नाक आणि डोळे काळे, टार्मिगनच्या नराची पट्टी काळी, आयव्हरी गल या शुभ्र कुरवाचे डोळे आणि पाय काळे. प्राण्याचा डोळा ओळखणारी सोय चालू ठेवा, पण अस्वल दूर असेल तर ती नाकालाच डोळा समजते. त्या अंतरावर दोन्ही एकाच फोकसमध्ये असतात, तेव्हा बिघडत काही नाही.

बर्फ पडत असेल तर कॅमेरा जवळच्या भुरभुरीवर फोकस उडवतो. लेन्सवरचा फोकस लिमिटर लांबच्या टप्प्यावर लावा आणि ट्रॅकिंगची संवेदनशीलता 'चिकटून राहा' बाजूला सरकवा, म्हणजे मध्ये काही आलं तरी तो लगेच उडी मारत नाही.

शटरचं थोडक्यात: चालणारं अस्वल १/१०००, पळणारा कोल्हा १/२०००, उडणारा पक्षी १/३२००. होडीतून असाल तर अस्वल बसलेलं असलं तरी १/१६०० च्या खाली जाऊ नका, कारण हलताय तुम्ही. मोठ्या जहाजाच्या कठड्यावर लेन्स टेकवली तर इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते. मध्ये बीनबॅग घाला किंवा हातातच धरा.

अंतर: कायदा आणि हवा

१ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डमध्ये ध्रुवीय अस्वलापासून १ मार्च ते ३० जून या काळात किमान ५०० मीटर आणि उरलेल्या वर्षात ३०० मीटर अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. अस्वल याहून जवळ आढळलं तर मागे सरकायचं. त्याला शोधत जाणं, आमिष दाखवणं, पाठलाग करणं आधीपासूनच मना आहे. नियम कडक वाटतो, पण योग्य आहे. वसंतात पिल्लं लहान असतात आणि दर हुसकावण्याला त्यांची शक्ती खर्च होते.

फोटोच्या दृष्टीने याचा अर्थ आकड्यांत बघा. अस्वल सुमारे २.४ मीटर लांब धरलं आणि ६०० मिमी लेन्स लावली, तर ३०० मीटरवरून सेन्सरवर त्याची प्रतिमा ६०० × २.४ ÷ ३०० = ४.८ मिमी पडते. फुल फ्रेमच्या ३६ मिमी रुंदीत हा आठवा हिस्सासुद्धा जेमतेम भरतो. ५०० मीटरवरून २.९ मिमी. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एवढं अस्वल साधारण ४८० पिक्सेल लांब येतं. फ्रेमभर चेहरा हवा असेल तर तो इथे मिळणार नाही. फोटो बर्फाच्या विस्ताराचा काढायचा आणि त्यात अस्वल कुठे ठेवायचं ते ठरवायचं. खरं तर बरेच चांगले फोटो असेच असतात. टार्मिगन, कोल्हा, रेनडिअर यांना हा पाचशे मीटरचा नियम नाही, पण त्यांनी तुमच्यामुळे जागा सोडली तर तुम्ही जास्त जवळ गेलात.

एवढ्या लांबून काढताना खरी शत्रू हवा. थंड बर्फ आणि त्याशेजारचं मोकळं पाणी यांच्या तापमानात मोठा फरक असतो, त्यामुळे मधली हवा लहरते. व्ह्यूफाइंडरमध्ये अस्वलाचे पाय वितळल्यासारखे दिसले तर कितीही महागाची लेन्स असो, फोटो मऊच येणार. १.४ पट कन्व्हर्टर (प्रतिमा मोठी करणारी जोडलेन्स) लावून तो मऊपणाच मोठा होतो, वर एक स्टॉप जातो तो वेगळा. ऊन वाढल्यावर लहर वाढते. रात्रीच्या उन्हात किंवा ढगाळ हवेत कमी होते.

आणि काही लहरी आपण स्वतःच आणतो. गरम केबिनची खिडकी उघडून फोटो काढला की आतली उबदार हवा लेन्ससमोरूनच बाहेर पडते. जहाजाच्या धुराड्यावरून वारा ज्या बाजूला वाहतो तिथे उभं राहिलं तरी तेच. केबिनमधून बाहेर काढलेली मोठी लेन्स स्वतः गरम असते आणि तिच्या लांब हूडमध्ये हवा थरथरत राहते. हूड काढून अर्धा तास बाहेर थंड होऊ द्या, मग लावा. लेन्सवरचा संरक्षक फिल्टरही काढून टाका. एवढ्या प्रकाशात तो भुतासारखे डाग देतो आणि धार कमी करतो. पोलरायझरचा मोह तर टाळाच: दीड-दोन स्टॉप खातो, बर्फावरची जी चकाकी पोत दाखवते तीच पुसतो.

थंडीची कामं

लिथियम बॅटरी उणे वीस अंशांत लवकर मान टाकते. मेलेली नसते, गारठलेली असते. जादाच्या दोन बॅटऱ्या आतल्या शर्टच्या खिशात अंगाजवळ ठेवा आणि आलटून पालटून वापरा. गार पडलेली खिशात गरम झाली की पुन्हा थोडी चालते.

आत येतानाचं दव जास्त धोक्याचं. थंडगार कॅमेरा गरम, दमट खोलीत आणला की त्याच्यावर आणि आतही पाणी धरतं. बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा-लेन्स हवाबंद झिपच्या पिशवीत घाला, पिशवी दाबून हवा काढा, आणि मगच आत या. पाणी पिशवीच्या बाहेर धरू दे. कॅमेरा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. मोठ्या लेन्सला दोन तासही लागतात. कार्ड आधीच काढलंय, त्यामुळे फोटो बघायला थांबावं लागत नाही. दिवसातून चार वेळा आत-बाहेर करण्यापेक्षा कॅमेरा दिवसभर बाहेर थंड जागीच ठेवणं शहाणपणाचं.

लेन्सवर बर्फाचे कण बसले तर तोंडाने फुंकू नका. श्वासातली वाफ तिथल्या तिथे गोठते आणि मग ते खरवडण्याची पाळी येते. रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश वापरा. माकडटोपी तोंडावर ओढली की श्वास वर येऊन व्ह्यूफाइंडरवर गोठतो, तेव्हा डोळा लावताना श्वास खाली सोडायची सवय करा. बोटांसाठी आत पातळ हातमोजे आणि वर मिटन. मिटन काढून शटर दाबा, लगेच परत घाला. उघड्या हाताने धातूचा ट्रायपॉड धरायचा नाही. डोळ्यांना गडद चष्मा हवाच, बर्फावरून उसळलेल्या अतिनील किरणांनी डोळे सुजून दिसेनासं होऊ शकतं. मात्र चष्मा पोलराइज्ड असेल तर कॅमेऱ्याचा पडदा एका कोनात काळा दिसतो आणि कॅमेरा बिघडला असं वाटतं. डोकं वाकडं करून बघा, उजळेल.

स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंड वस्तीत भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ते चालवतं. नी-ओलेसुंडच्या रेडिओ दुर्बिणींमुळे आजूबाजूच्या सुमारे २० किलोमीटरांत वायफाय आणि ब्लूटूथला बंदी आहे. फोन विमान मोडवर टाकायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, कॅमेऱ्याचं ब्लूटूथ राहून जातं. काही कॅमेऱ्यांत कॅमेरा बंद असतानाही ते फोनशी बोलत राहतं, म्हणून मेनूत जाऊन ते मुळापासून बंद करा.

जाण्याआधी सराव घरी होतो. सकाळी सूर्योदयानंतर दीड तासाने महाराष्ट्रातही सूर्य साधारण २० अंशांवर असतो. गच्चीवर पांढरी चादर अंथरा, तिच्यावर सायीच्या रंगाची एखादी लोकरी वस्तू उभी ठेवा आणि भोवती फिरत सूर्य मागे, बाजूला, समोर घेऊन फोटो काढा. चादर आणि लोकर यांतलं कोण कधी उजळ होतं ते हिस्टोग्रामवर स्वतः बघा. खाडीवरचे बगळेही चालतील, पण ते हलतात आणि चादर हलत नाही.

फाईल आल्यावर

एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर अस्वलाच्या फरवर टेकवू नका. तो तिला पूर्ण पांढरी करेल आणि सगळा बर्फ निळा होईल. सावलीतल्या बर्फावर टेकवला तर सगळं पिवळं. उन्हातल्या बर्फावर टेकवा, मग थोडी ऊब परत द्या.

पांढऱ्याची (व्हाइट्स) पट्टी वर ढकलताना ऑल्ट की दाबून ठेवली तर जळणारे बिंदू वेगळे दिसतात. पहिले ठिपके दिसले की थांबा आणि किंचित मागे या. हायलाइट पूर्ण खाली ओढण्याचा हव्यास नको, त्याने पांढरं राखाडी होतं आणि फर मातीसारखी दिसते. फरचा पोत हवा असेल तर फक्त प्राण्यावर मास्क करून टेक्स्चर १५-२० ने वाढवा. बर्फावर तेच केलं तर गोंगाट वर येतो. मुळात फोटो दोन स्टॉप काळवंडलेला असेल आणि तो नंतर उजळवला असेल, तर बर्फाच्या सावल्यांत ठिपके हमखास येणार. तिथे नॉइज कमी करण्याची सोय फक्त पार्श्वभूमीवर लावा, फरवर नको.

प्रिंट काढणार असाल तर एक गोष्ट पडद्यावर कळत नाही. २५५ असलेल्या जागी प्रिंटर शाईच टाकत नाही, तिथे कोरा कागद राहतो, आणि चकचकीत कागदावर तिरक्या उजेडात तो भाग भोक पाडल्यासारखा वेगळा दिसतो. सर्वात उजळ पांढरं २४८-२५० वर आणून ठेवा. मोठी प्रिंट सांगण्याआधी अस्वलाच्या खांद्याचा तेवढाच तुकडा ए-४ वर काढून बघा. कागदही पिवळसर किंवा निळसर निघतो, आणि निळसर चमक घातलेल्या कागदावर सायीचा रंग विटलेला वाटतो. अशा फोटोला मॅट, नैसर्गिक पांढरा कागद घ्या.